माल की वापर

आमच्या आत्यानं आयुष्यात एकही कपडा सुलट्या बाजूनं विकत घेतला नाही. दुकानात शिरली की हाताला लागेल तो शर्ट ती आधी उलटा करते. बाह्या ओढून बाहेर काढते, शिवणीवरून अंगठा फिरवते, मग कापड उजेडाकडे धरून त्यातून दुकानदाराकडे बघते. दुकानदार दिसला, तर शर्ट खाली ठेवते.

"दिसताय तुम्ही," असं वर त्याला सांगते.

लहानपणी तिच्याबरोबर कपडे घ्यायला जाणं मला शिक्षा वाटायचं. मी आरशासमोर गिरक्या घेत विचारायचे, "आत्या, कसा दिसतोय?"

"ते आरसा सांगेल. तू हात वर कर."

हात वर केल्यावर शर्ट पोटावर चढला, तर शर्ट बाद. पँट असेल तर भर दुकानात उकिडवं बसायला लावायची. "मागची शिवण काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

"मग घे."

गळ्याची पट्टी ताणून सोडायची, ती जागेवर परत आली पाहिजे. कापड मुठीत आवळून दहापर्यंत आकडे म्हणायचे आणि मूठ उघडून सुरकुत्या बघायच्या. किमतीची चिठ्ठी ती सगळ्यात शेवटी वाचायची, आणि वाचल्यावर पहिला प्रश्न, "अंगावर किती वेळा चढणार?" एकदा माझ्या भावानं मोठ्या नावाची महागडी जीन्स आणली. आत्यानं खिसे उलटे केले. आतलं अस्तर कांद्याच्या सालीसारखं.

"किल्ल्या ठेवू नकोस यात," ती म्हणाली.

"आत्या, हे महाग आहे. चांगलंच असणार."

"महाग म्हणजे चांगलं, हे तुला कोणी सांगितलं? दुकानदारानंच ना?"

तिला हे कळायचं, कारण ती दुकानातलीच. मुख्य रस्त्यावरच्या तीन मजली कपड्यांच्या दुकानात, सगळ्यात वर, गोदामाच्या मागच्या खोलीत ती एकोणीस वर्षं मशीनवर बसली. पँटी आखूड करायच्या, कंबरा आत घ्यायच्या. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. आणि तिच्याकडे आणखी एक काम होतं, जे तिच्या मते खरं काम. गिऱ्हाईक बिघडलेला कपडा घेऊन परत आलं, की तो कपडा वर तिच्याकडे जायचा. ती तो उलटा करून बघायची आणि चिठ्ठीवर दोनांपैकी एक शब्द लिहायची, 'माल' किंवा 'वापर'. खाली सही. 'माल' म्हणजे खोट कापडात नाहीतर शिवणीत, दुकान बदलून देणार. 'वापर' म्हणजे बिघडवला तुम्हीच, घरी जा. हा मोठ्या मालकांचा नियम, आणि तिच्या शब्दापुढे मोठे मालकही बोलत नसत.

ती गिऱ्हाइकांची बाजू घ्यायची असं समजू नका. इस्त्रीनं कॉलर करपलेला शर्ट घेऊन एक जण आला होता.

"वापर," आत्या म्हणाली.

"मी नाही जाळला हो."

"मग घरात कोणीतरी तुमच्यावर रागावलंय. आधी ते बघा."

पुढे मोठ्या मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि दुकान त्यांच्या जावयाच्या हातात आलं. सगळा नोकरवर्ग त्यांना तोंडावर साहेब म्हणायचा आणि पाठीमागे जावईबापू. जावईबापूंनी दारातच टी-शर्टांचा ढीग लावला, तिनांच्या भावात पाच. आत्यानं येता-जाता एक उचलला, उलटा केला आणि तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, हे कापड तिरकं कापलंय. कापड वाचवायला तुकडे आडवेतिडवे बसवलेत. दोन धुण्यांत बगलेखालची शिवण पोटावर येईल."

"मास्तरीणबाई, लोक समोरची बाजू बघतात."

"पहिल्या धुण्यापर्यंत."

"पहिल्या धुण्यापर्यंतच तर विकायचेत," ते हसून म्हणाले.

त्याच महिन्यात माझ्या आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. आत्यानं चार दिवसांची रजा मागितली. जावईबापूंनी दिली, तीही लगेच. फक्त म्हणाले, "परत आलेल्या कपड्यांचं काय? असं करा, या चिठ्ठ्यांच्या पुस्तकावर सह्या तेवढ्या करून जा. शब्द मी तुम्हाला फोनवर विचारून लिहीन." आत्याच्या खांद्याला पिशवी, लक्ष इस्पितळाकडे. हातरुमालसुद्धा उलटा केल्याशिवाय न घेणाऱ्या बाईनं उभ्या उभ्या पन्नास कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या.

फोन आला नाही. कामावर परत गेल्यावर तिनं विचारलं, तर "कोणी आलंच नाही" असं उत्तर मिळालं, आणि पुस्तक खाली काउंटरवरच राहिलं. त्यानंतरही महिनाभर वर एकही कपडा आला नाही. खाली ढीग रोज उतरत होता, रोज नवा लागत होता, आणि तक्रार शून्य. एके संध्याकाळी आत्या आईला म्हणाली, "माझीच नजर गेली बहुतेक. मला तिरकं दिसतंय आणि जगाला सरळ." दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर तोच होता.

पुढच्याच आठवड्यात ती चष्मा घरी विसरली, म्हणून मी तो द्यायला दुकानात गेले. तो घ्यायला ती जिना उतरून खाली आली. नाहीतर भरदुपारी ती खाली यायची नाही.

काउंटरवर एक पन्नाशीची बाई उभी होती. मनगटं रुंद, बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडलेली. समोर पाच टी-शर्ट, इस्त्री करून, घडी घालून. परत करायचे कपडेही तिनं इस्त्री करून आणले होते.

"गरम पाण्यात धुतलेत तुम्ही," जावईबापू म्हणत होते.

"थंड पाण्यात धुतलेत."

"मग जोरात पिळले असतील."

"पिळलेच नाहीत. उलटे करून सावलीत टाकले."

"बाई, प्रत्येकालाच वाटतं आपल्याला धुता येतं."

बाईंनी दोन्ही हात काउंटरवर टेकले. "मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात आहे. बावीस वर्षं. रोज चारशे चादरी माझ्या हाताखालून जातात. रक्ताचे डाग, औषधांचे डाग, आणखी कशाकशाचे, ते तुम्ही जेवला नसाल म्हणून सांगत नाही. आजवर एकही चादर वाकडी झाली नाही. आणि तुमचा हा बनियन माझ्या हातानं बिघडला?"

"बनियन नाही, टी-शर्ट आहे तो."

"दोन धुण्यांपूर्वी होता."

रांगेतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. जावईबापूंचे कान लाल झाले. "हे बघा, मागच्या खेपेला एक टी-शर्ट आणलात, तेव्हाच तुम्हाला तज्ज्ञांची चिठ्ठी दिली होती."

"दिली ना." बाईंनी पर्समधून चौघडी केलेला कागद काढला. "ही काय. वापर, खाली सही. घरी नेऊन मुलीला दाखवली, तिच्यासाठीच घेतले होते. ती म्हणाली, आई, लिहून दिलंय म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार. तेव्हापासून ती स्वतःचे कपडे मला धुवायला देत नाही. माझ्या घरात, मला."

मला सगळ्यात जास्त चीड आली ती इथं. हलका माल विकतात, विकोत बापडे. पण स्वतःची खोट दुसऱ्याच्या हाताला चिकटवायची, तीही लेखी, ही कुठली रीत? पैसे जातात ते जातातच, वर माणूस घरी जाऊन आपल्याच बादलीकडे संशयानं बघत बसतो. आणि दुकानात पुन्हा 'नमस्कार, या' म्हणून थंडगार पाणी विचारतात.

आत्यानं माझ्या हातातून चष्मा घेऊन डोळ्यांवर चढवला. बाईंच्या हातातली चिठ्ठी घेतली. वाचली. उलटी करून मागची बाजूही बघितली.

"ही माझी सही आहे," ती म्हणाली. "पण तुमचा कपडा मी पाहिलेला नाही."

"मास्तरीणबाई, तुम्ही वर जा," जावईबापू घाईघाईनं म्हणाले. "आपण मग बोलू."

"वरूनच आले."

तिनं ढिगातला एक कोरा टी-शर्ट उचलला, पिशवी फाडली. खांद्याला खांदा, बाहीला बाही जुळवून उभी घडी घातली आणि काउंटरवर पसरली. वर सगळं जुळलं. खाली एका बाजूची शिवण दुसरीपासून दोन बोटं सरकलेली.

"साहेब, याला पाणी लागलंय?"

ते फाडलेली पिशवी गोळा करायला लागले.

"गरम?"

मग तिनं बाईंना जवळ बोलावलं. "या विणीच्या बारीक उभ्या रेघा दिसतात? एका रेघेवर नख ठेवा आणि सरळ खाली या. रेघ शिवणीच्या सोबतीनं चालली पाहिजे. ही बघा, वीतभर खाली आली आणि शिवणीला जाऊन धडकली. पाण्यात गेलं की कापड आपल्या रेघेवर जाणार आणि शिवणीला ओढून नेणार. यात कोणाच्याही हातचं धुणं काही करू शकत नाही." तिनं चष्मा वर सरकवला. "तुमचं धुणं चोख आहे. खोटी निघाली ती माझी सही."

बाईंनी नखानं तीच रेघ पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत चालवून बघितली. रांगेतले दोघे-तिघे आपापल्या पिशव्यांमधून टी-शर्ट काढून खांद्याला खांदा जुळवायला लागले. एक आजोबा म्हणाले, "मास्तरीणबाई, माझा हा तर तिनांपैकी आहे की फुकटच्या दोनांपैकी, ते कळेल का?"

"पाचही एकाच आईचे आहेत, आजोबा."

"पुरे झालं," जावईबापू म्हणाले. "दुकान माझं आहे."

"दुकान तुमचं. सही माझी. पुस्तक द्या."

"त्या सह्या तुम्ही स्वतः केल्यात. मी काही हात धरला नव्हता."

"खरं आहे. ते मात्र माझंच चुकलं. म्हणून तर परत मागतेय, जावईबापू."

तोंडावर त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. ते पुस्तकावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "हे घेऊन बाहेर पडलात, तर वरची खोली आजपासून बंद समजा."

आत्यानं जिन्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं ती त्याच जिन्यानं वर गेली होती, आणि घरी माझ्या आईच्या औषधांची यादी अजून संपलेली नव्हती.

"मशीन तुमचं आहे," ती म्हणाली. "कात्री माझी आहे. तेवढी घेऊन येते." आणि त्यांचा हात बाजूला सारून ते पुस्तक तिनं माझ्याकडे दिलं. "धर गं."

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसली. तेवीस चिठ्ठ्या फाडलेल्या. प्रत्येकीची दुसरी प्रत खाली शिल्लक, तिच्यावर नाव आणि फोन नंबर. तेवीस वेळा 'वापर', जावईबापूंच्या अक्षरात. तेवीस वेळा तिची सही.

आई पलंगावरून म्हणाली, "वन्सं, माझ्या ऑपरेशनपायी झालं हे सगळं."

"तुझ्या पोटावरचे टाके बघितलेत मी. एका अंतरावर, एका ताणाचे. त्या महिन्यात तेवढं एकच काम नीट झालंय. तू झोप."

आणि तिनं पहिला नंबर फिरवला. "नमस्कार. मी दुकानातली मास्तरीणबाई. तुमच्या चिठ्ठीवर माझी सही आहे. ती मी कपडा न बघता केली होती. तो घेऊन माझ्या घरी या, आता बघते."

एकीनं तिला अर्धा तास झापलं. आत्यानं ऐकून घेतलं. एक गृहस्थ म्हणाले, त्या टी-शर्टवरून बायकोशी दोन दिवस अबोला होता, तेव्हा हे तुम्हीच तिला सांगा. "नाही," आत्या म्हणाली. "अबोला तुम्ही धरला होता ना? मग तुम्हीच सांगा."

लोक यायला लागले. आत्या प्रत्येक कपडा उलटा करायची, रेघ बघायची आणि जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर 'माल' लिहून तारखेसह सही करायची. काहींना दुकानानं बदलून दिलं, काहींशी हुज्जत घातली, आणि आठवड्याभरात दारावर पाटी लागली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. धुलाईखात्यातल्या बाई मुलीला घेऊन आल्या. आत्यानं टी-शर्ट त्या मुलीच्याच हातात दिला आणि खांद्याला खांदा जुळवायला लावला. मुलीनं घडी घातली, बघितली, पुन्हा घातली. मग आईकडे न बघताच म्हणाली, "उद्याचे कपडे बादलीत टाकते."

"पांढरे वेगळे टाक," बाई म्हणाल्या.

तेविसावा नंबर एका तरुण शिक्षकाचा निघाला. तो फोनवर बराच वेळ चाचरला. "खरं सांगू का? मी गरम पाण्यातच टाकला होता. उकळत्या."

"मग भांडायला कशाला गेला होतात?"

"वाटलं, जमलं तर जमलं."

"या घेऊन."

तो आला. शर्ट ढिगातला नव्हता, चांगल्या सुती कापडाचा होता आणि आटून आठ वर्षांच्या पोराच्या मापाचा झाला होता. आत्यानं तो उलटा केला. शिवणीवरून अंगठा फिरवला. टाके सरळ, रेघा सरळ, खिशाचं अस्तर दणकट. उजेडाकडे धरून त्यातून शिक्षकाकडे बघितलं. तो दिसला नाही.

"किती चांगला शर्ट होता हो," ती म्हणाली, आणि त्या सबंध महिन्यात तिचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता.

मग तिनं चिठ्ठी उलटी केली, पाठीवर ठळक अक्षरात 'वापर' लिहिलं आणि खाली सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.