गंजीला हाक मारणारी माणसं

मानवतला एसटीतून उतरलो तेव्हा माझा बेत साधा होता. पऱ्हाट्यांपासून (कापूस वेचल्यावर उरणारी वाळकी झाडं) वीज कशी होते ते बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. शेतात पेटवल्या की त्यांचा नुसता धूर होतो. इथल्या वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये जाळल्या की वीज मिळते आणि तेवढा कोळसा वाचतो. घरी सांगायला झकास विषय होता.

जीपवाल्यानं पाथरी रस्त्यावर सोडलं. केंद्राच्या फाटकातून मुकादमांबरोबर आत शिरलो. घरापेक्षा उंच गंज्या (रचलेले ढीग), मधल्या बोळांत भर दुपारी अंधार. गंज्यांतून वाफ निघत होती. वारा नव्हता, तरी आत काहीतरी कडकड मोडत होतं.

"आतली ओल तापायलीय," मुकादम रहीमचाचा म्हणाले. "घाबरू नका."

"छे, छे!" असं म्हणून मी त्यांना आणखी चिकटून चालू लागलो.

इथे एक रीत आहे. लोखंडी पंजाचं यंत्र गंजीला लावण्याआधी सगळं बंद करतात. चाचा पहारीनं पत्रा वाजवून ओरडतात, "कोन हाय का आत? भायेर या!" थंडीत ऊब शोधत कुत्री शिरतात, कधी माणसंही. मग सगळे कान देऊन उभे राहतात. मला उगाच वाटलं की गंजीही ऐकतेय. ओ आली नाही, तेव्हा पंजा आत घुसला.

चाचांच्या डब्यातली भाकरी आणि करडईची भाजी खात होतो, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या. शिवकांताबाई. त्यांचे यजमान महादप्पा सकाळी पऱ्हाट्यांच्या ट्रॅक्टरवर बसून इथे आले होते, ते घरी परतलेच नव्हते.

"हुडहुडी भरलीय, जरा गंजीच्या आडाला बसतो म्हनले व्हते," बाईंच्या मागोमाग आलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"मी हाक मारली की!" चाचा म्हणाले. "कोनी ओ दिली न्हाई."

"त्यान्ला ऐकू येत न्हाई वो!"

अर्धी गंजी एव्हाना बॉयलरात गेली होती. मी हातातली भाकरी खाली ठेवली. बाई धुराड्याकडे बघत होत्या.

"आमच्यात जाळत न्हाईत," त्या हळूच म्हणाल्या. "बसवून माती देत्यात."

लिंगायतांची ही रीत मला ठाऊक होती. त्या क्षणी ती ठाऊक नसती तर बरं झालं असतं.

यंत्रं थांबवून सगळे हातांनी उपसायला लागले. मीही लागलो, तळहात सोलून निघाले. दिवस कलताना गंजीत एक पोकळी दिसली. आत महादप्पा मांडी घालून, मिटल्या डोळ्यांनी बसले होते. तोंडावर राखाडी धूळ. बाईंनी तिथूनच हात जोडले, पुढे जाण्याची त्यांची छाती झाली नाही.

मग महादप्पांनी डोळे उघडले. बाई रडत रडत त्यांच्या खांद्यावर बुक्के मारू लागल्या, आणि मलाही रडू आवरेना.

पाणी प्याल्यावर महादप्पांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मोठ्यानं विचारलं, "अन् ते दुसरं मानूस कुटं हाय?"

चाचांनी हातानंच विचारलं, कोण?

"माझ्या पल्याड बसलं व्हतं की. हात धरून. लय कुडकुडत व्हतं."

पल्याड म्हणजे पंजानं उचललेली बाजू.

उरलेली गंजी जमिनीपर्यंत उपसली. कुणी सापडलं नाही. कामावरची माणसं सगळी जागेवर होती. "तापात बरळायलेत," चाचा म्हणाले, आणि आम्ही घाईघाईनं माना डोलावल्या. तरी रिकाम्या जागेपुढे उभं राहून चाचांनी पुन्हा पत्रा वाजवला.

जीप मला आणि त्या दोघांना घेऊन मानवतकडे निघाली. वाटेतल्या वस्त्यांवर दिवे लागत होते. पऱ्हाट्यांची वीज चांगलीच आहे, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण समोर महादप्पा उजवी मूठ घट्ट आवळून बसले होते, आणि त्या मुठीतला दुसऱ्याचा हात कधी सुटला, हे त्यांना विचारायचं धैर्य मला शेवटपर्यंत झालं नाही.