रत्नांच्या गेमला दिलेलं गेट्टीमेळम

"सार, बोनस येतोय, पण अंगावर येत नाहीये," निवेदिता म्हणाली.

निवेदिता म्हणजे चेन्नईच्या गेम कंपनीतली प्रोड्यूसर. ती व्हिडिओ कॉलवर, आणि मी कुंभकोणमच्या माझ्या स्टुडिओत हेडफोन लावून सकाळपासून तोच गेम खेळत बसलेला. माणिक, पाचू, पुष्कराज, पुन्हा माणिक. कान किटले होते.

माझा धंदा आवाजाचा. आधी भजनांच्या कॅसेट केल्या, मग सीडी, मग रिंगटोन. आता भजनंही लोक फोनवरच रेकॉर्ड करतात, त्यामुळे येईल ते काम घेतो. हे आलं. ऑनलाइन स्लॉट गेम. स्क्रीनवर पाच उभे पट्टे फिरतात, त्यांना रील म्हणतात. पट्ट्यांवर रत्नं. बटण दाबलं की ते फिरून थांबतात, तो एक स्पिन. सारखी रत्नं ओळीत आली की नाणी मिळतात. हिरा हा वाइल्ड, म्हणजे पत्त्यांतल्या जोकरसारखा कुठल्याही रत्नाच्या जागी चालतो. नवरत्नांची पेटी हा स्कॅटर. अशा तीन पेट्या कुठेही दिसल्या की बोनस, म्हणजे फुकटचे स्पिन. नाणी संपली की खऱ्या पैशाने विकत घ्यायची. जिंकलेल्या नाण्यांचे पैसे मात्र कुणी देत नाही, म्हणून हा जुगार नाही, असं कंपनी म्हणते. मी वाद घालत नाही. या वयात तेवढी ताकद राहिलेली नाही.

"ह्या घंटा परदेशी वाटतात," निवेदिता म्हणाली. "तुमच्या गावचं काहीतरी द्या ना."

"गेट्टीमेळम देऊ?"

"सार, बेस्ट. हेच पाहिजे."

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगावं लागेल. इकडे लग्नात नवरा मंगळसूत्र बांधायला लागला की भटजी बोट वर करून हलवतात आणि "गेट्टीमेळम" म्हणून ओरडतात. लगेच नादस्वरम आणि तविल, म्हणजे आमची सनई आणि आमचा ढोल, जीव खाऊन वाजायला लागतात. कुणी शिंकलं, कुणी वाकडा शब्द काढला, तर तो त्या क्षणी वधूवरांच्या कानी पडू नये म्हणून. तो आवाज आला की मांडवातला माणूस बघायला थांबत नाही, हातातल्या अक्षता टाकतो. पाठमोरा असला तरी टाकतो. आमची घराणी तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आली, घरात अजून आम्ही आमची जुनी मराठी बोलतो, पण मेळमाशिवाय आमच्यातही लग्न लागत नाही.

नादस्वरम माझ्याकडे जुन्या रेकॉर्डिंगमध्ये होतं, तविलवर पंजू आला. पंचापकेशन त्याचं नाव, माझा जुना मित्र. एका नादस्वरमवाल्या पेरियवरांच्या, म्हणजे वडीलधाऱ्या उस्तादांच्या, पार्टीत तो वाजवतो. माइक लावले, सगळी तयारी झाली, आणि हा हात बांधून बसला.

"वाजव की."

"बोट कोण दाखवणार, राव? बोटाशिवाय हात उठत नाही."

शेवटी मी माइकसमोर उभा राहून बोट हलवलं. असा वाजवला त्याने, की स्टुडिओच्या काचा थरथरल्या. शेवटी मी नाण्यांचा खळखळाट जोडला आणि फाइल पाठवली.

इथे थांबलं असतं तर बरं होतं. पण आठवड्याभरात पुन्हा कॉल.

"सार, मेळम सगळ्यांना आवडलंय. पण बोनस फार क्वचित येतो. पन्नास नाणी लावली आणि वीस परत आली, तरी वाजायला पाहिजे."

"तीस गेली ना त्याची?"

"वीस आली ना, सार."

"निवेदिता, हे मेळम लग्न लागल्यावर वाजतं. मोडल्यावर नाही."

ती हसली. म्हणाली, तुम्हाला त्यासाठी तुकडा कापून द्यायचा नसेल तर राहू दे, फाइल आमच्याकडे आहेच, इथला डेव्हलपर जोडून टाकेल. त्याने जोडलीही. करारात मी सगळे हक्क देऊन बसलो होतो, त्याला आमच्यात बायआउट म्हणतात. मी हात टेकले.

गेम बाजारात आला आणि पंजूने तो पहिल्या दिवशी फोनवर घेतला. चहाच्या दुकानात सगळ्यांना दाखवत सुटला, हा मी वाजवतोय. तिथपर्यंत ठीक होतं. मग तो खेळायला लागला. एकदा स्टुडिओत येऊन मला म्हणाला, "राव, माझा हात चांगला आहे. सारखं मेळम वाजतंय."

"नाणी किती उरली ते वर लिहिलेलं असतं. ते बघ."

"मेळम वाजल्यावर कोण बघतं?"

मी कपाळावर हात मारला. ज्याने ते वाजवलं तोच फसला होता, आणि फसण्याचं कारण इतकंच, की जन्मभर त्या आवाजावर त्याने शंका घेतली नव्हती. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो मान डोलावत राहिला आणि अंगठा फिरवत राहिला. त्यात ऑटोस्पिन नावाची सोय आहे. एकदा लावून दिली की गेम आपला आपण फिरत राहतो, माणसाने नुसतं ऐकायचं.

पुढे पंजूची बायकोच माझ्याकडे आली. सराव बंद झाला होता. दोन लग्नांत त्याचा ठेका चुकला होता. पेरियवरांनी बजावलं होतं, आता एक तक्रार आली तर दुसरा तविलवाला घेईन. पंजूला दुसरं काही येत नाही. ती जागा गेली तर घरी बसायचं, एवढं सरळ होतं ते. मी पंजूला धरून झापलं. त्याने शपथ घेतली, वाजवताना फोनला हात लावणार नाही.

त्याने हात लावला नाही, हे खरं आहे.

साक्कोट्टैच्या हॉलमध्ये माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पेरियवरांचीच पार्टी होती, मीच ठरवलेली. संकल्प लांबला होता. मंगळसूत्र नारळावर ठेवून ते ताट मांडवात फिरत होतं, सगळ्यांनी हात लावून आशीर्वाद द्यायचा असतो. अक्षता वाटून झाल्या होत्या. वाजवणारे जरा टेकले होते. पंजूने ऑटोस्पिन लावून फोन सायलेंटवर टाकला आणि शेजारी ठेवला, नेमका नादस्वरमच्या माइकखाली. सायलेंटने फक्त रिंग बंद होते, गेमचा आवाज नाही, हे त्याला माहीत नव्हतं.

फोनवर कुठलीतरी रत्नं जुळली. हॉलच्या सगळ्या स्पीकरमधून गेट्टीमेळम सुरू झालं.

सगळ्या मांडवाने अक्षता टाकल्या. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, दारात चपला काढणाऱ्यांनीसुद्धा. मीही टाकल्या. ज्याने तो आवाज कापला, जोडला, महिनाभर ऐकला, त्याने. मंगळसूत्र तेव्हा माझ्या आत्याच्या हातात होतं, तिसऱ्या रांगेत. मग नाण्यांचा खळखळाट आला आणि मी पंजूकडे वळलो.

भाऊ पांढराफटक पडला. "काय झालं हे?" एवढंच विचारत राहिला. नवरी रडायला लागली. भटजी शहाणे होते. म्हणाले, "काही झालं नाही. अक्षता पुन्हा वाटा." पेरियवरांनी फोन उचलून आपल्या पिशवीत टाकला. पंजूकडे त्यांनी पाहिलंही नाही.

थोड्या वेळाने खरा मुहूर्त आला. भटजींनी बोट वर केलं. पंजूने वाजवायला घेतलं, आणि देवाशपथ सांगतो, तसं मेळम मी उभ्या जन्मात ऐकलं नाही. मनगटं तुटतील असं वाजवत होता. पण मांडवात एक हात उठला नाही. सगळे माना उंच करून स्टेजकडे बघत होते, खरंच बांधतोय का म्हणून. गाठ दिसल्यावर पुढच्यांनी टाकल्या, मग मागच्यांनी, इकडून थोड्या, तिकडून थोड्या. मीसुद्धा आधी बघितलं.

हॉलच्या मागे जाऊन मी निवेदिताला फोन लावला. झालं ते सांगितलं आणि म्हटलं, मेळम काढून टाक.

"सगळ्यांनी खरंच राइस टाकला, सार?" ती म्हणाली. "त्याचा व्हिडिओ असेल का कुणाकडे? मार्केटिंगला हवा आहे."

मी फोन ठेवला. मेळम अजून त्या गेममध्ये आहे.

पंगतीत पंजू माझ्या शेजारी बसला. पान वाढलेलं तसंच होतं. पेरियवरांनी त्याला सांगून टाकलं होतं, पुढच्या मुहूर्तापासून येऊ नकोस. मी म्हटलं, त्यांच्याशी बोलतो, माझीही चूक आहे, जागा परत मिळेल.

"जागेचं राहू दे, राव," तो म्हणाला. "मी वाजवत होतो आणि लोक बघत होते."

कंपनीचा पुढचा गेम आला तेव्हा मी स्वयंपाकघरातली डबे-झाकणं वाजवून पाठवली. निवेदिताला फार आवडली. या धंद्यात नवीन येणाऱ्याला मी एवढंच सांगीन, ज्या आवाजावर आपली माणसं डोळे मिटून हात उचलतात तो विकू नये. बाकी वाजवायला भांडी पुष्कळ आहेत.