पाण्यावाचून प्रतापगड

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही – देवापुढे हात जोडून माणूस शेवटी आपल्या सोयीचंच बोलतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. ओळखत असता तर हेही गिळलं असतं.

मोटारींपासून सुरुवात करतो. म्हणजे आडूनच सुरुवात करतो – सवय आहे मला. या दुसऱ्या जर्मन लढाईच्या आधी गोंदियात आम्ही तिघे मोटारवेडे होतो: धानाच्या गिरणीचे शेठ, एका जमीनदाराचा भाचा आणि कामठ्याकडचा मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा, मी. रविवारी सकाळी शेठच्या ओसरीवर बैठक बसायची. कुणाच्या गाडीला किती सिलिंडर, कुणाच्या गादीचं कातडं अस्सल, कलकत्त्यात कुठल्या गाडीचा भाव चढला, नागपुरात कुठली पडून आहे. कलकत्त्याचं वर्तमानपत्र तीन दिवस शिळं यायचं, आणि आम्ही त्यातल्या जाहिराती पोथीसारख्या वाचायचो. बाहेर गाडीवान धानाची पोती उतरवत उन्हात उभे असायचे. त्यांच्याकडे आमचं लक्ष? छे!

शेठची गाडी अमेरिकन, माझी विलायती. शेठची दर दहा मैलांवर पाणी प्यायची. मी हसायचो. म्हणायचो, शेठ, तुम्ही मोटार घेतली की म्हैस? माझी गाडी पाण्यावाचून प्रतापगड – साताऱ्याचा नव्हे, आमच्या नवेगावापलीकडचा – गाठेल, असं मी एकदा बोलून गेलो. खोटं होतं ते. माझ्या गाडीलाही पाणी लागायचं; फक्त ते दसरू भरायचा, मी बघत नव्हतो.

दसरू माझा ड्रायव्हर. माझ्याच गावचा. त्याचा बाप आमच्या वडिलांची पटाची बैलजोडी हाकायचा. मोटार आली तेव्हा दसरू नागपूरला राहून ती चालवायला शिकून आला. गळ्यात कंठी, म्हणजे दारू न पिण्याची शपथ घेतलेल्याची तुळशीमाळ, तोंडात कधी विडी नाही, मोहाच्या दारूच्या वासालाही उभा न राहणारा माणूस. गाडी पुसताना तिच्याशी बोलायचा. मला त्याचाही राग यायचा. गाडी माझी होती ना?

शिवरात्रीला प्रतापगडची जत्रा. तिघांनी तीन गाड्या घेऊन निघायचं ठरलं. माझी गाडी पाण्यावाचून पोचली, तर जमीनदाराचा भाचा ती मी मागेन त्या भावाला घेणार होता, आणि मी कलकत्त्याहून त्याहून मोठी आणणार होतो. नवेगावच्या तलावाशी दसरूने गाडी हळू केली.

"मालक, इंजन तापून राहिला जी. दोन बादल्या टाकून घेतो."

मागून शेठची गाडी येत होती. मी म्हटलं, थांबलास तर याद राख. त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढे काढली. आमचा हा तलावांचा मुलूख – रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी चमकत होतं, आणि मी इंजिन जाळत बसलो होतो. दसरूने आणखी दोनदा विचारलं. दोनदा मी शिवी दिली.

जत्रा दिसायला लागली तेव्हा वाफ निघाली, आतून खडखड झाली आणि गाडी जागच्या जागी मेली. जत्रेतल्या एका शेतकऱ्याने बैलजोडी जुंपून ती ओढून नेली. लोक टाळ्या वाजवत होते. शेठ आणि भाचा गाड्यांतून उतरून आले. शेठने भाच्यासमोर विचारलं, "खोट किसमें है? गाड़ी में, कि ड्राइवर में?"

आता इथे तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हरली तरी बैलाला नाव ठेवत नाहीत. बैलाला नाव ठेवलं की त्याचा भाव पडतो. म्हणून मालक चारचौघांत म्हणतो, हाकणाऱ्याचा हात चुकला. हाकणारा मान खाली घालतो. खोटं आहे हे सगळ्या मैदानाला ठाऊक असतं. पुढच्या पटाला मालक त्याच माणसाच्या हाती सगळ्यांदेखत कासरा देतो, आणि डाग पुसला जातो. दसरूच्या बापाने माझ्या वडिलांसाठी कितीदा मान खाली घातली असेल! आणि वडिलांनी दर खेपेला कासरा परत दिला.

मी म्हटलं, ड्रायव्हरचा हात चुकला. दसरूने मान खाली घातली. त्याला रीत ठाऊक होती.

मी तिथेच थांबलो असतो तर? पण भाचा अजून गाडीकडे संशयाने बघत होता. म्हणून मी म्हटलं, प्यायलेला आहे हरामखोर, सकाळपासून.

हे रीतीत नव्हतं. हे माझं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. दसरूने मान वर केली. एकच क्षण. मग पुन्हा खाली घातली, कारण त्याला वाटलं असेल की मालक पुढे सगळं सरळ करेल.

इंजिन दुरुस्त झालं, गाडी भाच्यालाच विकली गेली, भावही चांगला आला. पण मोटार म्हणजे बैल नव्हे, आणि गोंदियाची बाजारपेठ म्हणजे पटाचं मैदान नव्हे. शेठला रीत ठाऊक नव्हती, भाच्याला नव्हती, त्यांच्या ओळखीच्या कुणालाच नव्हती. त्यांनी ते खरं मानलं. दसरूला कुणी चाकाला हात लावू देईना. गावात त्याच्या पंथातल्या कंठीवाल्यांनी विचारलं, प्यायला होतास का? तो कुणाचं नाव घेणार? त्यांनी कंठी उतरवून घेतली.

नवी गाडी आली त्या दिवशी तो माझ्या दारी आला.

"मालक, एक डाव माह्या हाती द्या जी. बजारातून नेऊन आणतो. लोकायले दिसू द्या. मंग मी मांगनार नाही."

एक फेरी! वडिलांनी बैलांसाठी केलं ते मला लोखंडासाठी करता आलं नाही. माझ्या ओसरीवर शेठ आणि भाचा नवी गाडी बघायला बसले होते. ते म्हणाले असते, त्याच दारुड्याच्या हाती? मग मला खरं सांगावं लागलं असतं. मी दसरूला म्हटलं, नंतर बघू. नागपूरहून दुसरा ड्रायव्हर ठेवला.

दसरूने गोंदियाजवळ कुडव्याला घर केलं आणि विड्या वळल्या. नऊ वर्षं. मी त्या रस्त्याने शेकडो वेळा गेलो, काच वर करून. मालगुजार म्हणे! साधी काच खाली करायची छाती नव्हती.

लढाई आली, पेट्रोल कुपनावर गेलं, नवी गाडी विटांवर चढली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालतात. शेठ अजूनही भाव सांगतात. मला त्या बैठकीची आता किळस येते, पण जातो. का जातो? दुसरं काही येतच नाही मला, म्हणून.

गेल्या महिन्यात दसरू वारला. मातीला गेलो – मालक आले म्हणून लोकांनी वाट करून दिली. दसरूचा गळा कंठीवाचून उघडाच होता.

आठ दिवसांनी मिस्त्रीला बोलावून गाडी दाखवली. पोरसवदा मिस्त्री, बाहेरगावचा, दसरूला कधी न पाहिलेला. झाकण उघडून आत बघत म्हणाला, "इतले दिवस पानी नाही टाकलं का जी? अशीच चालू केली असती तर दसरूच झाला असता."

मी विचारलं, दसरू म्हणजे काय?

म्हणाला, इंजन जळला की आम्ही म्हणतो जी, दसरू झाला. कोनी दारुड्या ड्रायव्हर होता म्हनतात.

तो हसला. मीही हसलो.