टेपचा स्क्रू आणि तिचा आवाज

१९८७ साल. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, तीही पावसाळा सोडून. पण वरंधच्या घाटात रस्त्याच्या गँगवर मी मुकादमी केली आहे. दरड सुटायच्या आधी वरून बारीक खडी गळते, तिचा आवाज ऐकून मी माणसं मागे घ्यायचो. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणायचा, म्हातारा भित्रा होता आणि कानानं अधू होता. दोन्ही खोटं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं घर. बायको काविळीनं गेली त्याला दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि मुलगा, दोघंच. तो महाडच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. त्या कारखान्यात काचेच्या खोलीत कॉम्प्युटर बसणार आणि ज्याला येत असेल त्याला आत घेणार, अशी बोलवा उठली होती. झालं. आखातातून परत आलेल्या एका दोस्ताकडून त्यानं जुना घरगुती कॉम्प्युटर उचलून आणला.

कॉम्प्युटर म्हणजे काय, तर पाटीएवढा काळा डबा आणि वर रबराची बटणं. तो टीव्हीला जोडायचा. आमच्या खोऱ्यात तेव्हा टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसायच्या, मधे डोंगर आडवा. म्हटलं, चला, त्या खोक्याला काहीतरी काम लागलं. पण या काळ्या डब्याची एक गंमत होती. बंद केला की तो सगळं विसरायचा. रोज त्याला टेपरेकॉर्डर लावून नव्यानं शिकवायला लागे. कॅसेट फिरायची, वायरीतून प्रोग्रॅम आत जायचा, आणि जाताना असा किंचाळायचा की कोंबड्या खुराड्यातून बाहेर यायच्या. एवढं किंचाळून झाल्यावर शेवटी टीव्हीवर अक्षरं यायची.

"काय म्हणतो रे तो?"

"चूक झाली म्हणतो. परत पहिल्यापासून."

"तुझ्या डब्यापेक्षा आमचा रोलर बरा. चढावर थांबायचा, पण मागचं विसरायचा नाय."

एक साधा हिशेब टीव्हीवर उमटायला अर्धी सकाळ जायची. मुलगा वैतागला. आधी म्हणाला, लाइट कमी येते. ते खरं होतं, आमच्याकडे संध्याकाळी बल्ब म्हणजे विझत आलेला निखारा. मग स्टॅबिलायझर आणला. मग म्हणाला, डबा तापतो. मी विटांवर ठेवून दिला, खालून वारा लागावा म्हणून. मग म्हणाला, ओल धरली असेल. आमच्याकडे भाद्रपदात चपलांनासुद्धा बुरशी येते, तर याची काय कथा. त्यानं स्पिरिट आणलं आणि टेपच्या ज्या तुकड्यावरून फीत घासत जाते तो पुसून काढला. त्याला हेड म्हणतात. कापूस काळा निघाला. थोडा फरक पडला, फार नाही.

आता टेपरेकॉर्डरचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्याची आहे.

तो माझ्या पुतण्यानं पाच वर्षांपूर्वी आखातातून आणलेला. ज्या दिवशी घरात आला त्या दिवशी मुलानं कोणाला न सांगता त्यातलं आवाज भरायचं बटण दाबून बघितलं होतं. बायको मागीलदारी होती. तिनं तिथून हाक मारली, मी ओटीवरून ओ दिली, आणि ते सगळं त्यात भरलं गेलं. एवढंच:

"आवो, घरात हाय का कोण?"

"हाय. मेलो नाय अजून."

"मग मेल्यावानी गप का?"

आणि ती हसते. हसता हसता तिला खोकला लागतो. मग कोंबडी, लांबून एस्टीचा हॉर्न, आणि संपलं.

आमच्याकडे तिचा फोटोही धड नाही. लग्नातल्या एका घोळक्यात ती उभी आहे, डोळे मिटलेले. ती जी काय उरली ती या कॅसेटवर. मुलानं घरातल्या सगळ्या कॅसेटी पुसून त्यावर प्रोग्रॅम भरायला काढल्या, तेव्हा मी ही एक गुपचूप उचलली, तिला बायकोच्या लुगड्याचा दोरा बांधला आणि तांदळाच्या डब्यात घातली. त्याला वाटलं, तीही पुसली गेली. मी तसंच वाटू दिलं. तो दुसऱ्या पाळीला असला की तिन्हीसांजेला घरात मी एकटाच. दिवा लावायचा, कॅसेट लावायची, एकदा ऐकायची, परत तांदळात. रोज नाही. पण बहुतेक रोज.

त्या सोमवारी लावली.

"आवो, घरात हाय का कोण?"

माझा हात बटणावरच राहिला. आवाज तिचा होता, शब्द तिचे होते, पण ती माझी म्हातारी नव्हती. लग्न ठरायच्या आधी मी तिच्या गावाला, कुडपणला गेलो होतो तेव्हा डोंगरमाथ्याच्या सड्यावर एक मुलगी गुरांना हाकारत होती. धुकं इतकं की मुलगी दिसली नाही, नुसता आवाज आला. तो आवाज. बारीक, शेवटाला वळणारा. पस्तीस वर्षं तो मी विसरून गेलो होतो. आणि त्याला उत्तर कोण देतंय, तर एक पोरगा. "हाय. मेलो नाय अजून." मिसरूड न फुटलेला.

मी टेप बंद केली. घरात काहीही बदललेलं नव्हतं. टीव्ही विझलेला, त्याच्या काचेत मी आणि दिवा. परत लावायची छाती झाली नाही. खोटं कशाला सांगू, गोडही वाटलं.

मंगळवारी दिवसभर कामात लक्ष नव्हतं. तिन्हीसांज कधी होते याची वाट बघितली. लावली, तर ती अजून लहान झाली होती. आता ती सड्यावरची मुलगी नव्हती. परकरातली पोर होती, मी कधी न पाहिलेली. हसली तेव्हा खोकला लागला, तो चिमणीनं चोच आपटावी तसा.

त्या संध्याकाळी माझ्या मनात जे आलं ते कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, माणूस मेल्यावर पुढे जात नसेल. मागे जात असेल. आल्या वाटेनं, एकेक वर्ष खाली उतरत. माझ्या हाताखालून ती चालली होती. म्हातारीची बाई, बाईची मुलगी, मुलीची पोर. आणि उद्या-परवा ती जन्माच्याही पलीकडे जाऊन पोचणार. मग ही कॅसेट कोरी. मग हाक मारायला कोणी नाही आणि ओ द्यायला मीसुद्धा नाही.

बुधवारी लावायची नाही असं ठरवलं, आणि लावली. शब्द कळले नाहीत. पाखरं बोलल्यासारखं काहीतरी झालं, भर्रकन, आणि संपलं. एस्टीचा हॉर्न मच्छरासारखा. मी कॅसेट तांदळात पुरली, हात जोडले आणि मुलगा येईपर्यंत ओटीवर बसून राहिलो. घरात पाठीमागे कोणी आहे असं वाटत होतं म्हणून नाही. कोणी नाही असं पहिल्यांदा वाटलं म्हणून.

तो आला, जेवला, झोपला. विचारायला तोंड उघडेना. कॅसेट चोरून ठेवली हे बापानं पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं?

गुरुवारी सकाळी तो कॉम्प्युटरपुढे बसला. टेपरेकॉर्डर उलटा करून पाठ उघडली होती. बारीक पेचकस घेऊन आतल्या मोटरीच्या भोकात घालत होता. आणि खुशीत होता.

"बाबा, आता बघा कसा पळतो. तीन दिवस थोडं थोडं करतोय."

"काय करतोयस?"

"मोटरीला मागं स्क्रू आहे. फिरवला की टेप जोरात पळते. टेप जोरात पळाली की आवाज स्वच्छ भरतो, म्हणजे चुका कमी आणि प्रोग्रॅम एका दमात आत. रोज थोडा फिरवायचा, त्याच वेगात कॅसेट परत भरून घ्यायची. याहून जास्त केलं तर तो घेणार नाही बहुतेक, पण बघू."

मी त्याच्या हातातला पेचकस धरला. जोरात धरला असणार, कारण तो "अहो, अहो" करायला लागला.

"किती फिरवलास?"

"थोडा थोडा."

"खूण केलीस?"

"कशाची खूण?"

"पहिला कुठं होता त्याची!"

"ती कशाला करायची? मला परत हळू थोडाच करायचाय?"

मग मी तांदळाचा डबा आणला. दोरा बांधलेली कॅसेट त्याच्यापुढे ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला. लुगड्याचा दोरा त्यानं ओळखला.

"आई आहे यात? ती पुसली नाही मी?"

"नाय."

"आणि इतके दिवस तुम्ही एकटे ऐकताय?"

त्यानं कॅसेट लावली. पाखरं बोलली. तो घाईघाईनं स्क्रू उलटा फिरवायला लागला. घाईत जास्तच फिरला. टेपमधून एक बाप्या बोलला. विहिरीच्या तळातून, जडशीळ, एकेक अक्षर ओढत: "आ...वो... घ...रा...त..." हसणं तर असं की रेड्याला कोणी दाबतंय. मुलानं हात काढून घेतला. मी म्हटलं, "फिरव रे, थांबू नको. तिला तिथं ठेवू नको."

तो फिरवत गेला. विहिरीतून ती वर आली, बाई झाली.

"हां. हीच," मी म्हणालो.

"ही नाही. आई इतकं जड बोलायची नाही."

"तू मला सांगतोस? माझी बायको."

"माझी आई."

त्यानं जरा पुढे नेली. "ही बघा. ही."

"ही तुझी मावशी वाटते."

मग मागे, मग पुढे. दहा बाया होऊन गेल्या त्या खोक्यात. प्रत्येक बाई तेच विचारायची, घरात हाय का कोण, आणि प्रत्येक वेळी आम्ही दोघं बापलेक एकमेकांकडे बघायचो. आणि मग ते झालं, ज्याची मला अजून भीती वाटते. मला कळेना. दरडीची खडी ओळखणारा मी, आणि जिच्याबरोबर तीसच्या वर वर्षं जेवलो तिचा आवाज कुठला ते मला कळेना. जितकं ऐकावं तितकी ती पुसट होत होती. मुलाचंही तेच झालं असावं, कारण तो भांडायचा थांबला.

त्याची बारा वाजताची एस्टी गेली. पाळी बुडाली.

मग तो म्हणाला, "बाबा, त्यात तुम्ही पण आहात."

"मग?"

"आई नाही आता. पण तुम्ही आहात ना. तुम्ही बोला. तुमचा आवाज जुळला की तिचाही जुळला."

मी म्हटलं, मी काय तमाशातला आहे? रिकाम्या घरात खोक्याशी बोलायला? तो म्हणाला, "बोला हो. मी तोंड फिरवून बसतो." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसला, एक हात मागे स्क्रूवर.

टेप म्हणाली, "घरात हाय का कोण?"

मी म्हणालो, "हाय. मेलो नाय अजून."

माझ्यामागून लगेच टेपमधला मी म्हणाला, "हाय. मेलो नाय अजून." तो माझ्याहून पातळ होता. मुलानं केसभर फिरवलं. परत. तिनं विचारलं, मी सांगितलं, त्यानं सांगितलं. परत. किती वेळा मी त्या घराला सांगितलं असेल की मेलो नाही. शब्दातला अर्थ निघून गेला, नुसता आवाज उरला. मधेच असं झालं की आधी मी बोललो की आधी तो, हे मला सांगता येईना. मी तोंड मिटल्यावरही माझा आवाज घरात चालू होता.

"थांबा," भिंतीकडून मुलगा म्हणाला. "आता दोन माणसं नाहीत. एकच आहे."

त्यानं पेचकस काढला. हात पुसला. कॅसेट मागे नेली आणि या वेळी मी बोललो नाही.

"आवो, घरात हाय का कोण?"

"हाय. मेलो नाय अजून."

"मग मेल्यावानी गप का?"

ती हसली आणि तिला खोकला लागला. तिचाच खोकला, छातीतून येणारा, चुलीच्या धुराचा. आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. त्याला तोंड फिरवून बसायला सांगायची गरज नव्हती, तो बसलेलाच होता.

संध्याकाळी त्यानं कॉम्प्युटर जोडून बघितला. जोरात भरलेले प्रोग्रॅम डबा आता घेईना. तीन दिवसांचं काम गेलं. किंचाळून किंचाळून शेवटी तीच अक्षरं, चूक झाली, पहिल्यापासून.

"राहू दे," तो म्हणाला आणि टीव्ही बंद केला. त्या काचेच्या खोलीचं नाव त्यानं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाख वितळवली आणि स्क्रू परत हलू नये म्हणून मोटरीच्या भोकात एक थेंब सोडला. थंड होईपर्यंत बोट लावून बसलो. कॅसेट तांदळात न ठेवता टेपवरच ठेवली, मुलाला दिसेल अशी. मग पहिल्या एस्टीनं महाडला गेलो आणि बाजारात एका दुकानात टेपरेकॉर्डर मागितला.

दुकानदार म्हणाला, "काका, कुठला दाखवू?"

"कुठलाही दे. फक्त कोणी त्यात बोललेलं नको."

"नवाच आहे हो, कोण बोलणार?"

तरी मी त्याला कोरी कॅसेट लावायला सांगितली आणि कान टेकवला. नुसती खरखर होती. तेवढी शेवटपर्यंत ऐकली आणि तो बांधून घेतला. घरी येऊन मुलाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "याला पळव काय पळवायचाय तो."