माशीबाईंची दोन मिनिटं

माशीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी खात्री पटली, की आपला शेवट जवळ आला. मुलाखतीच्या खोलीत, हाडांच्या तक्त्याखाली, कोपऱ्यातल्या स्टुलावर त्या बसल्या होत्या. अंगकाठी बेताची, चष्मा मात्र चार माणसांना पुरेल असा, आणि उजव्या मुठीत काहीतरी चकाकणारं, माझ्या दिशेने रोखलेलं. मी तोंड उघडलं की खट्ट. मिटलं की पुन्हा खट्ट. घाबरून मी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला तो टेबलावर नाही, शेजारच्या सर्जनसाहेबांच्या मांडीवर. ते पिस्तूल नसून स्टॉपवॉच आहे, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. तोवर मी मनातल्या मनात मृत्युपत्र करून टाकलं होतं.

मी तिथे कसा, तेही सांगतो. विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळावर एक माणूस असा लागतो, की ज्याला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. वर्तमानपत्रात इतकी वर्षं विनोदी लिहून माझ्या अज्ञानाची शहरभर ख्याती झालेली. निवड बिनविरोध झाली. शेवटी गुणांचं चीज झालं, असं बायको म्हणाली.

बाई मूळच्या शास्त्रज्ञ. फळांवर घोंगावणारी चिमुकली माशी कशी झोपते, यावर त्यांनी वीस वर्षं घालवली. काचेच्या नळीत माशी, नळीसमोर बाई. माशी पाच मिनिटं हलली नाही तर ती झोपली असं धरतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. या हिशेबाने मी रोज ऑफिसात चार तास झोपतो, असं मी म्हणालो. त्यांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

मग डीनसाहेबांच्या मनात आलं, की आपल्याकडे सगळ्या थरांतली मुलं यायला हवीत. एकशेवीस जागांपैकी निम्म्या डॉक्टरांच्याच पोरापोरींनी भरायच्या, आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड पाहणारी मुलं जेमतेम नऊ. त्यासाठी एक कक्ष निघाला, आणि ज्या बैठकीत प्रमुख निवडायचा त्या बैठकीला बाई गैरहजर असल्यामुळे त्याच प्रमुख झाल्या. त्यांना जिन्याखालची खोली मिळाली, तिच्यात एक टेबल, एक खुर्ची आणि कुणाचा तरी मोडका पंखा. डीनसाहेबांची अपेक्षा साधी होती. माहितीपुस्तकात हसऱ्या मुलांचे फोटो छापावेत, वर्षातून एक भाषण ठेवावं, संपलं. बाईंना फोटो काढता येत नव्हते. त्यांना एकच विद्या येत होती, ती म्हणजे गप्प बसून मोजणं. माश्या त्यांनी शेजारच्या प्रयोगशाळेला देऊन टाकल्या आणि आमच्या कोपऱ्यात येऊन बसल्या.

त्या काय मोजत होत्या? मुलाने उत्तराला सुरुवात केल्यापासून आम्ही त्याला किती सेकंदांनी तोडतो, ते.

हंगाम संपल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून कागद पुढे ठेवला. लेखी परीक्षेत दोन्हीकडच्या मुलांना सारखेच गुण. पण मुलाखतीत डॉक्टरांच्या मुलांना आम्ही सरासरी पन्नास सेकंद बोलू देत होतो, आणि घरातल्या पहिल्यावहिल्यांना अकरा. सर्जनसाहेब तापले. माणसं म्हणजे माश्या नव्हेत, असं त्यांनी ऐकवलं. मग जरा थांबून, जणू सहजच, सगळ्यात जास्त कोण तोडतं ते विचारलं.

बाईंनी दुसरा कागद काढला. सर्जनसाहेब दुसरे. मी तिसरा. पहिलं नाव बाईंचं स्वतःचं होतं, सहा सेकंद.

त्याचं असं झालं. बाई राहायच्या त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. ताईंनी टेलिफोन खात्यात तीस वर्षं नोकरी करून धाकटीला शिकवलेलं. बाई रोज जेवताना आमच्या मंडळाच्या चुगल्या सांगायच्या. एके दिवशी ताईंनी आमटीचा डाव खाली ठेवला.

"तू मला आजवर एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. तिकडे कुणाला शिकवतेस?"

बाई स्वतः पूर्वी दोन वर्षं मंडळावर होत्या. मुलाखती ध्वनिमुद्रित व्हायच्या. दुसऱ्याच दिवशी त्या जुनं रेकॉर्डिंग काढून ऐकत बसल्या, आणि निघाला तो आकडा त्यांनी यादीच्या डोक्यावर घातला. त्यानंतर आमच्यापैकी कुणाला वाद घालायला तोंड उरलं नाही.

नियम ठरला: पहिल्या प्रश्नानंतर दोन मिनिटं मंडळाने तोंड उघडायचं नाही. तीन वर्षं करून बघायचं, मग महाविद्यालयाची परिषद काय ते ठरवेल. बाईंना तेवढीच नोकरी उरली होती. आपण गेल्यावर हा नियम राहावा, एवढं एकच त्यांना हवं होतं.

दोन मिनिटं किती लांब असतात ते गप्प बसल्याशिवाय कळत नाही. सर्जनसाहेबांनी त्या काळात तीन पेनांची टोपणं खाल्ली. मी हातांवर बसायचो, तोंडावर बसता येत नाही म्हणून.

बसचालकाची एक मुलगी आली. लोकांची सेवा करायची आहे, हे तिनं धडाधड म्हणून दाखवलं आणि थांबली. वीस सेकंदही झाले नव्हते. आम्ही गप्प. तिनं दाराकडे पाहिलं, तक्त्यावरची हाडं पाहिली. सव्वा मिनिट उलटलं.

"ते पाठ केलेलं होतं," ती म्हणाली. "खरं सांगू? माझ्या आत्याला वाचता येत नाही. ती गोळ्या रंगावरून ओळखते. कंपनी बदलली, रंग बदलला, तर ती गोळ्या दुकानात परत घेऊन गेली, या दुसऱ्या कुणाच्या आहेत म्हणून. दवाखान्यात तिला कुणी विचारलंच नव्हतं वाचता येतं का. आता मी सकाळच्या गोळ्या तिच्या चहाच्या कपात ठेवते. चहा ती विसरत नाही."

सर्जनसाहेबांनी टोपण तोंडातून काढलं. कोपऱ्यात खट्ट झालं, दोन मिनिटं संपली, तरी त्यांनी काही विचारलं नाही. मुलगी गेल्यावर ते बाईंकडे न बघता म्हणाले, "माझ्या वॉर्डात असे किती असतील हो?"

"मोजलेलं नाही," बाई म्हणाल्या.

त्या मुलीला प्रवेश मिळाला. तिसऱ्या वर्षी नवाचे सव्वीस झाले.

परिषदेची बैठक बाईंच्या निवृत्तीच्या महिन्यात भरली. सर्जनसाहेबांनी स्वतः ठराव मांडला, आणि विरोधात एकही हात वर झाला नाही. मग वेळापत्रकाचं काम बघणारे गृहस्थ उठले. या नियमामुळे मुलाखती तीन दिवस लांबतात आणि पुढे सभागृह परीक्षेसाठी लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ठराव एकमताने मंजूर झाला. दोन मिनिटांच्या जागी चाळीस सेकंद केले.