कॅनडाच्या पाकाला मांडवगणची भेंडी

कॅनडाहून आलेली वस्तू बिघडवायला मला अर्धा तास लागला, आणि त्यातली पंधरा मिनिटं मी फोनवर होतो.

वस्तू म्हणजे एक बाटली. आमची लेक सोनल लग्न होऊन कॅनडाला गेली आणि दिवस गेल्यावर, पाचवा महिना लागला तशी माहेरपणाला मांडवगणला आली. येताना आमच्यासाठी चॉकलेटं आणली, स्वतःसाठी साडीत गुंडाळलेली मेपल सिरपची बाटली. डोहाळे म्हणाल तर भलतेच कडक. पोटात काही टिकेना. भाकरी नको, भात नको, पिठल्याचा तर वाससुद्धा नको. वजन वाढायचं सोडून उतरत चाललेलं. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी दम दिला होता की पुढच्या तपासणीला काटा वर सरकलेला दिसला पाहिजे. आणि पोरीला खावंसं वाटत होतं ते एकच! तिकडं मिळणारी पापुद्र्यांची गोड पेस्ट्री, आत कुटलेले अक्रोड आणि सगळीकडं हा मेपलचा पाक.

तिनं मोबाईलवर ती करताना दाखवली. आमच्या मंडळींनी (म्हणजे सोनलच्या आईनं, एकटीच आहे, पण चौघींना भारी आहे) चष्मा लावून सगळं बघितलं आणि निकाल दिला की ही आपली साट्याचीच करंजी, फक्त तळायची नाही, भाजायची. रविवारी करायचं ठरलं. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो असं आमच्याकडं मानतात, त्यामुळं मंडळी इरेला पेटलेल्या.

आता थोडं माझ्याविषयी. मी वीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या होतो. उसाचा रस किती आटवायचा आणि कढई कधी उतरवायची, हे सांगणारा तो गुळव्या. गुऱ्हाळ बंद पडलं, ऊस कारखान्याला जायला लागला, पण हाताची खाज काही गेली नाही. घरापुरती काकवी मी अजून करतो. सोनलनं सांगितलं होतं की मेपल नावाच्या झाडाला भोक पाडून रस काढतात आणि तो आटवून हा पाक करतात. तेव्हापासून त्या बाटलीकडं माझं एकसारखं लक्ष. शुक्रवारी दुपारी सोनल झोपली, मंडळी शेजारी गेल्या, आणि मी झाकण उघडून बोट बुडवलं.

पाक कच्चा! चव बरी होती, नाही म्हणत नाही, पण पातळ. तारेचा पत्ता नाही. तिकडच्या गुळव्यानं कामचुकारपणा केला आणि कढई अर्ध्यातच उतरवली, हे मला तिथल्या तिथं कळलं. असला पाक आपल्या उन्हात चार दिवसांत आंबणार. पोरीनं विश्वासानं आणलेली वस्तू, बापानं डोळ्यांदेखत वाया जाऊ द्यायची का? मी अख्खी बाटली कढईत ओतली आणि गॅस पेटवला.

आमच्यात रसातली घाण, म्हणजे मळी, वर आणून काढायला भेंडीचा चीक घालतात. परसातली चार झाडं उपटून, ठेचून, त्यांचं पाणी मी त्या परदेशी पाकात सोडलं. मळी आलीच नाही. (तिथंच थांबायला पाहिजे होतं.) एवढ्यात खुटबावच्या साडूंचा फोन आला. ऊसतोडीची टोळी त्यांच्याकडून आगाऊ उचल घेऊन पळून गेली होती आणि त्यांना ते पहिल्यापासून सांगायचं होतं. ते सांगून झाल्यावर मी आत आलो आणि एक थेंब पाण्यात टाकून बघितला. थेंब वाटीच्या बुडाला जाऊन टण्णकन वाजला.

कढई उतरवली, पण उपयोग काय? पाच मिनिटांत त्याचा दगड झाला. मी कढईसकट तो गोठ्यात पेंडीच्या पोत्यामागं ठेवला. बाटलीत आमची काकवी गरम पाणी घालून पातळ केली आणि भरली. रंग जुळला. मन म्हणालं, झाडाचा रस काय आन् उसाचा काय, गोड ते गोड.

रविवारी मायलेकींनी चाळीस करंज्या केल्या. सारणात बाटलीतला पाक पडताना मी देवघरात जाऊन आलो. घरी भट्टी नाही, म्हणून दोन पराती मंडळींच्या मांडीवर आणि मंडळी माझ्या मोटरसायकलवर, असं नदी ओलांडून आम्ही दौंडला एका बेकरीत गेलो. दिवाळीला आसपासची गावं मैदा, साखर, डालडा घेऊन तिथं नानकटाई भाजायला रांग लावतात. आम्ही ऐन मार्चात करंज्या घेऊन आलेलो बघून बेकरीवाले मामा मला म्हणाले की दिवाळीचा महिना चुकला का तुमचा. भट्टीत काकवी तापली, निम्म्या करंज्यांची तोंडं उघडली आणि पाक पत्र्यावर वाहून करपला. मामांनी त्या उलथन्यानं खरवडून काढल्या आणि पुढच्या दिवाळीला दुसरी बेकरी बघा म्हणून प्रेमानं सांगितलं.

घरी आलो. सोनल उंबऱ्यातच बसलेली. तिनं त्यातली बरी करंजी निवडली, वरून बाटलीतला पाक सोडला आणि डोळे मिटून चावा घेतला. मग चावायचीच थांबली.

"आप्पा, ही आपली काकवी हाय."

मी म्हणालो, तिकडची पण तशीच लागत असंल. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि करंजी तिनं हळूच ताटात ठेवली. मला इतकी लाज गुऱ्हाळावर कढईभर रसाचं अख्खं आधण करपलं तेव्हाही वाटली नव्हती. पाच महिन्यांत त्या लेकरानं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी भेंडी घालून उकळली होती.

मी सगळं सांगितलं. मंडळी शांतपणे म्हणाल्या, "कढई कुठं हाय?"

कढई आणली. मंडळींनी वरवंटा उचलला तेव्हा मी जरा लांब सरकलो, पण घाव त्या दगडावरच पडला. तुकडे उडाले. त्यातला एक सोनलनं उचलून गालात धरला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत उभे. मग ती हसली.

"आप्पा, तिकडं ह्याच्या वड्या मिळत्यात. लई महाग. आन् त्या ह्याच्यावानी चांगल्या नसत्यात."

तिनं दुसरा तुकडा घेतला. मळमळ थांबली. त्या संध्याकाळी पोरगी किती दिवसांनी अर्धी भाकरी जेवली आणि ती भाकरी पोटात टिकली. मी मिशीला हात लावून घसा खाकरला, तोच मंडळी म्हणाल्या की मुद्दाम केलं असं म्हणायचं न्हाई. रोज गालात एक तुकडा आणि मग जेवण, असा सोनलचा नेम सुरू झाला.

राहिल्या एकोणचाळीस करंज्या. करपलेल्या, फुटलेल्या, काकवीनं लडबडलेल्या. शेजारी वाटायची सोय नव्हती, म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. अन्न टाकायचं नाही, ज्याचं पाप त्यानं खायचं, असा मंडळींचा हुकूम सुटला. चहाबरोबर दोन, जेवणानंतर दोन. खोटं कशाला बोलू, पाचव्या करंजीपासून मला त्या आवडायला लागल्या आणि त्या संपल्यावर मीच मंडळींकडून आणखी वीस करून घेतल्या.

पुढच्या तपासणीला आम्ही शिरूरला गेलो. डॉक्टरीणबाई जुन्या, सोनलचा जन्मही त्यांच्याच हातचा. तिला काट्यावर उभं केलं. काटा चांगला वर सरकला होता. बाई खूश झाल्या, मंडळींनी पदरानं डोळे पुसले, आणि मी दारात मान ताठ करून उभा राहिलो. सदऱ्याची खालची दोन बटणं लागत नव्हती, तिकडं माझं लक्ष नव्हतं. बाईंचं गेलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्या पोटाकडं एकदा नीट बघितलं आणि नवा केसपेपर पुढं ओढला.

"तुम्हाला कितवा लागला, आप्पा?"