मेलेल्या शत्रूला नमस्कार

चाळिशीनंतर मी पंचवटीतल्या आखाड्यात लाठी-तलवार शिकायला लागले, तेव्हा नवरा म्हणाला होता, "आता घरात जपून बोलावं लागेल." दिवसा झेरॉक्सचं दुकान, संध्याकाळी आखाडा, असं चार वर्षं चाललंय. मध्यंतरी मुलींची नवी तुकडी सुरू होणार होती. तिला शिकवायला मला मिळावं, अशी माझी फार इच्छा. वस्ताद मात्र नाहीच म्हणायचे.

"तुझा वार शेवटी अडतो. समोरच्याला लागंल म्हणून तूच घाबरती. पोरीबी तेच शिकतील."

मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

तेवढ्यात एका माहितीपटाच्या शूटिंगसाठी लढाईतली माणसं हवीत, असा निरोप आला. शोभायात्रांमध्ये मावळे होऊन आम्ही नेहमीच मिरवतो, त्यामुळे सगळा आखाडा निघाला. शहराबाहेरच्या माळावर मला मिशी चिकटवली. ती इतकी खाजत होती, की पुरुष बिचारे कसे राहतात कोण जाणे. वस्तादांना शत्रूचा अंगरखा मिळाला, आत जाड गादी बांधलेली. एरवी पंचवटीच्या बाजारात भाजी विकणारा हा सत्तरीचा माणूस त्यात चांगला रुबाबदार दिसत होता. मी त्यांना मारायचं, ते पडणार, मग त्यांना ओलांडून मी पुढे धावायचं. एवढंच काम.

लाकडी तलवार फिरवली, ते पडले. ओलांडताना माझा पाय त्यांच्या खांद्याला लागला. मी जागीच वाकले, त्यांना हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "ताई, मेलेल्या शत्रूच्या पाया पडतं का कुणी?"

सगळे हसले. दुसऱ्यांदा जपून उडी मारली, तरी सवयीनं हात छातीशी गेलाच. शिवाय वारही अर्ध्यावर थांबलेला. आता जमलं नाही तर तुम्ही छावणीत चुलीपाशी बसा, असं दिग्दर्शक वैतागून म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चूल काय घरीही आहे, तिच्यासाठी मिशी कशाला लावायची?

वस्ताद धूळ झटकत उठले.

"ये, आधीच पाया पड. आजचे सगळे नमस्कार आत्ताच घाल. मंग काय बाकी राहात नाय."

सगळ्यांसमोर मी वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभे राहिले.

तिसऱ्यांदा वार सरळ गेला, कुठेही न अडता. त्यांचा अंगरखा पायाखाली आला, तरी मी थांबले नाही. समोरच्या टेकाडापर्यंत धावत सुटले.

मागे वळून पाहिलं तर पडलेले सगळे उठले होते, वस्ताद तेवढे तसेच पडून. मी पळत परत आले.

"वस्ताद, लागलं का?"

"लागलं. चांगलं लागलं. सोमवारपासून पोरींना तू घे." मग त्यांनी हात वर केला. "आता उठव मला. गुडघा धरलाय."

मी त्यांना दोन्ही हातांनी उठवलं. तोवर माझी मिशी रडून ओली झाली होती आणि एका बाजूनं लोंबायला लागली होती.